डॉक्टरकडे जायची साडी

आईच्या कपाटात एक फिकट निळी साडी आहे, बारीक चंदेरी काठाची. लग्नाकार्याची नव्हे, देवळात जायचीही नव्हे. ती डॉक्टरकडे जायची साडी. हे नाव मी दिलेलं नाही, तिचंच आहे. "माझी डॉक्टराकडची साडी खंय गेली गो?" असं तिनं विचारलं की मला कळतं, घरात कोणाला तरी बरं नाही आणि ते कोणीतरी म्हणजे आई. एरवी ते कळायला दुसरा मार्ग नसतो.

त्या दिवशी तिची तयारी बघण्यासारखी असते. आंघोळ, चापूनचोपून नेसलेली साडी, तोंडाला पावडर, केसांत एखादं फूल. रिक्षातून उतरताना माझा हात घट्ट धरते, पण दवाखान्याच्या दारात पोचली की तोच हात झटकून टाकते. मग दोन क्षण थांबायचं, श्वास सारखा करायचा आणि ताठ मानेनं आत शिरायचं. डॉक्टर विचारतात, "काय आजी, कसं काय?" आणि आई हसून सांगते, "बरां आसा." तापानं अंग भाजत असलं तरी बरां आसा. खोकून खोकून बरगड्या दुखत असल्या तरी बरां आसा. बरं असेल तर आपण इथे कशाला आलोय, रिक्षा फिरवायला? पण हे मी मनात म्हणायचं. मोठ्यानं म्हटलं तर घरी येईपर्यंत ती माझ्याशी बोलत नाही.

ही सवय तिला गिरणीच्या दवाखान्यानं लावली. लग्न होऊन ती मालवणकडच्या गावातून गिरणगावातल्या चाळीत आली, तेव्हा तिला मुंबईतला रस्ता ओलांडायचंही भय वाटे. वडील गिरणीत होते आणि कामगारांच्या घरच्यांसाठी गिरणीचा दवाखाना होता. तिथला डॉक्टर म्हणजे साहेबच. चाळीतल्या बायका त्याच्यापुढे जाताना ठेवणीतलं लुगडं काढत. दुखणं सांगत बसणाऱ्या बाईला "रडी" म्हणत, आणि एकदा तसं नाव पडलं की ते पुसलं जात नसे. नव्या सुनेला सासरची लाज राखायची होती. ती हसून "बरं आहे" म्हणायला शिकली आणि लाल औषधाची बाटली घेऊन घरी यायला शिकली. गिरणी बंद पडली, चाळ सुटली, आम्ही मुलुंडला आलो, वडीलही गेले. "बरां आसा" तेवढं राहिलं.

आता मुलुंडच्या सोसायटीत आम्ही दोघीच राहतो. मी मरोळच्या औद्योगिक वसाहतीत लेबलं छापणाऱ्या एका कारखान्याचं ऑफिस सांभाळते. सांभाळते म्हणजे दिवसभर भांडते. कागद का आला नाही, टेम्पो कुठे अडकला, रंग फिका का आला. भांडणं हे माझं रोजचं काम आहे आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडतंही. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी मला लिफ्टमध्ये बघितलं की जिन्यानं जातात. अशा आईच्या पोटी मी कशी आले याचं नवल सगळ्यांनाच वाटतं.

तर, मे महिन्यात आई पडली. गच्चीवर आमसुलं वाळत घातली होती. ती उलटायला म्हणून गेली आणि परत येताना शेवटच्या पायरीवर पाय सटकला. मी घरी आले तेव्हा ती खुर्चीत बसलेली, आमसुलं भरलेलं सूप मांडीवर. "काय नाय गो, जरा बसलंय," म्हणाली. पडल्याचं मला समोरच्या दारातल्या ताईंनी सांगितलं, कारण त्यांनीच तिला उठवून घरात आणलं होतं.

निळी साडी निघाली. हाडांचे डॉक्टर आमच्या घरापासून जवळच बसतात. वयानं माझ्याहून लहान, बोलायला गोड आणि बाहेर बाकावर कायम गर्दी. त्यांनी विचारलं, "आजी, नेमकं कुठे दुखतं?" आईनं पाठीमागे कमरेवर हात ठेवला. "हयसर. पण तसा काय नाय." त्यांनी कमरेचा एक्स-रे काढायला सांगितला. फोटो स्वच्छ आला. वयाप्रमाणे थोडी झीज, बाकी काही नाही. "मुका मार आहे. गोळ्या देतो. खुर्चीत बसून राहू नका, चालतं राहा. आजी एकदम फिट आहेत हो!" ते मला म्हणाले. आई अशी खूश झाली जणू बक्षीस मिळालं. दाराबाहेर आल्यावर तिनं भिंतीचा आधार घेतला, तो मी बघितला. पण डॉक्टर फिट म्हणालेत म्हटल्यावर मीही गप्प बसले.

घरात मात्र काहीतरी बिनसलं होतं. ती चालताना एका हातानं भिंत धरायची. जेवायला ओट्यापाशी उभीच राहायची, म्हणे बसून कंटाळा आला. आणि मग एका बुधवारी तिनं मला मासे आणायला पाठवलं. हे वाचून मालवणी माणूस समजून जाईल, इतरांना सांगते. माझ्या आईनं आजवर मला बाजारात मासळीला हात लावू दिलेला नाही. बांगड्याचे डोळे मला वाचता येत नाहीत असं तिचं ठाम मत आहे. मी आणलेले बांगडे तिनं मुकाट्यानं साफ केले, कल्ले उघडूनसुद्धा बघितले नाहीत, एक टोमणा मारला नाही. त्या संध्याकाळी मला खरी भीती वाटली.

मग मी माझं हत्यार उपसलं. मोबाईलवर कमरेबद्दल जे जे मिळेल ते वाचून काढलं. मणक्यात गॅप, नस दबणं, पायात जाणारी कळ. डोक्यात सगळं ठासून भरून मी आईला पुन्हा डॉक्टरांकडे घेऊन गेले. तीच साडी, तीच पावडर, तेच ताठ चालणं. डॉक्टरांनी "आता कसं वाटतंय?" विचारलं. तिनं "बरां आसा" म्हणायच्या आत मी सुरू झाले. "डॉक्टर, तिला बरं नाहीये. नस दबली असणार. तुम्ही एमआरआय का नाही करत? नुसत्या गोळ्यांवर किती दिवस काढायचे?" माझा आवाज ऑफिसात टेम्पोवाल्याशी बोलताना असतो तसा चढला होता. डॉक्टरांनी मला नीट ऐकून घेतलं, आईला पलंगावर झोपवून पाय थोडा वर उचलून बघितला. तिनं तोंडातून आवाज काढला नाही. "दुखतंय का आजी?" "नाय." ते माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही म्हणताय तसं काही दिसत नाहीये. पेशंट स्वतः सांगताहेत ना, बरं आहे म्हणून?"

यावर आईनं जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. ती डॉक्टरांना म्हणाली, "ती जरा तापट आसा. तुमी मनार घेव नकात."

रिक्षात मी बाहेर बघत बसले. राग आला होता, आणि खरं सांगायचं तर लाजही वाटत होती. मी तिच्यासाठी भांडले आणि तिनं माझ्याच वतीनं माफी मागितली. प्रत्येक गतिरोधकावर ती समोरची दांडी घट्ट धरत होती, पण मी मुद्दाम तिकडे बघितलं नाही.

त्याच संध्याकाळी समोरच्या ताई चहाला आल्या. मूळच्या नांदेडकडच्या, कोर्टात नोकरी करतात. त्यांच्या हॉलमध्ये बुद्धाची शांत मूर्ती आहे आणि तिच्यासमोर बसून त्या सगळ्या बिल्डिंगला स्पष्ट शब्दांत चार गोष्टी सुनावतात. माझ्या खास आवडत्या आहेत. मी झाला प्रकार तावातावानं सांगितला. त्या हसायला लागल्या.

"अगं यार, तू वकिली केलीस. वकील कितीही ओरडला ना, तरी जज बघतात साक्षीदाराकडे. साक्षीदारच जर म्हणाला की काही झालं नाही, तर केस संपली. तू तुझ्या आईला आधी विचारलंस का, काय होतंय ते?"

"शंभरदा विचारलं. बरां आसा म्हणते."

"ते तू दारातून ओरडून विचारतेस. बसून विचार."

ताई गेल्या आणि मी आईच्या खोलीत डोकावले. ती पलंगावर बसली होती. पाठ माझ्याकडे होती. तिनं दोन्ही हातांनी आपला उजवा पाय मांडीखालून धरला आणि उचलून पलंगावर ठेवला, कोणी जड पिशवी उचलून ठेवावी तसा. मग तोंडात पदर कोंबला. मला तिथंच रडू आलं. मी आत गेले नाही लगेच. तोंड धुतलं, मग गेले आणि तिच्या पायाशी बसले.

"आई, डॉक्टरकडे जाताना तू गोळी खाऊन जातेस ना?"

तिनं पदर तोंडातून काढला. मग म्हणाली, "एक नाय, दोन. मदी वाचवून ठेवतंय. थयसर जावन कण्हत बसलंय तर कसा दिसतला?"

मला हसावं की रडावं कळेना. डॉक्टरांनी दुखू नये म्हणून दिलेल्या गोळ्या ही बाई घरी दुखणं सोसून वाचवत होती, आणि डॉक्टरांना दुखणं दिसू नये म्हणून त्यांच्याच दारात खात होती. एवढा उफराटा कारभार माझ्या ऑफिसातसुद्धा होत नाही.

"आणि दुखतं कुठे? कमरेतच ना?"

तिनं मान खाली घातली. साडीची निरी चाचपली. आणि अगदी हळू आवाजात सांगितलं की कंबर दुखतच नाही. दुखतं ते पुढे, जांघेत. पाय टेकला की तिथे कळ येते. पण परक्या पुरुषासमोर जांघ हा शब्द कसा काढायचा, तिथे बोट कसं ठेवायचं? म्हणून तिनं जवळची, सभ्य जागा दाखवली.

म्हणजे मी मोबाईल उपसून, आवाज चढवून, सगळ्या दवाखान्यासमोर भांडले होते ते चुकीच्या हाडासाठी.

"मग मला तरी सांगायचंस! मी बाई आहे ना?"

"तुका सांगलंय असतंय तर तू त्यांका सांगतलंस."

हे बरोबर होतं. मी सांगितलंच असतं, तेही बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं. मी थोडा वेळ तिचा पाय नुसता धरून बसले. मग तिनं आपणहून उरलेलं सांगितलं, आणि तेच खरं होतं. माझी आजी, म्हणजे तिची सासू, गावी अशीच पडली होती, विहिरीच्या कट्ट्यापाशी. तिनं मोठ्यानं ओरडून सगळं सांगितलं होतं. वैद्यानं सांगितलं, पडून राहा, उठायचं नाही. ती पडून राहिली. आईनं मुंबईहून जाऊन तिचं हगणंमुतणं काढलं, पाठीच्या जखमा धुतल्या.

"ती मगे उठलीच नाय गो," आई म्हणाली. "माका तसा नको. माका खाटीर घालू नकात. जोवर मी बरां आसा म्हणतंय, तोवर माका कोण झोपवूचा नाय."

इतकी वर्षं मी समजत होते की ती डॉक्टरांना घाबरते. ती घाबरत होती खाटेला. आणि तिचं हसणं, पावडर, निळी साडी, सगळं त्या खाटेपासून लांब राहण्यासाठी होतं. मला तिच्यावर माया दाटून आली. पण बोलणं भाग होतं. मी म्हटलं, "आई, तेव्हा गावात ऑपरेशन नव्हतं. आता आहे. हाड मोडलं असेल आणि तू त्यावर अशीच चालत राहिलीस, तर ते सरकेल. मग मात्र खाट आहेच. आजीचं झालं ते बोलल्यामुळे नाही झालं."

"तुका काय म्हायती? तू डॉक्टर आसंस?"

"नाही. म्हणूनच म्हणते, जो आहे त्याला सांग. मी एक शब्द बोलणार नाही."

यावर मात्र तिनं माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. माझ्या गप्प राहण्यावर तिचा अजिबात विश्वास नव्हता.

सकाळी तिनं गोळी घेतली नाही. साडीवर आमची रीतसर बोलणी झाली. मी म्हणत होते घरातल्या साडीवर चल, ती ऐकेना. शेवटी ठरलं, निळी साडी नेसायची, पण पावडर नाही आणि फूल नाही. रिक्षात बसताना तिचा चेहरा पांढराफटक पडला. दवाखान्याच्या दारात तिनं सवयीनं माझा हात झटकला, एक पाऊल टाकलं आणि परत माझा हात धरला. तशीच आत गेली. बाकावरच्या बायका बघत होत्या.

डॉक्टरांनी मला बघितलं आणि त्यांचा चेहरा जरा सावध झाला. साहजिक होतं. "या आजी. आज कसं वाटतंय?"

आईचे ओठ "ब"साठी जुळले. मला स्पष्ट दिसलं. मी पर्सचा पट्टा दोन्ही हातांनी पिळत होते. आजवर एवढं गप्प मी कधीच बसले नव्हते, आणि मला वाटत होतं की आता हिनं बरां आसा म्हटलं तर मी इथंच किंचाळणार. भिंतीवरचा पंखा फिरत होता. डॉक्टर पेन धरून थांबले होते.

"डॉक्टरसायबानू," आई म्हणाली, "मी तुमका खोटां सांगलंय."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"कंबर दुखणा नाय. हयसर दुखता." आणि तिनं हात आणून जांघेवर ठेवला. मान खाली, कान लाल, पण हात तिथेच. "जांगेत. पाय टेकलो की कळ येता. रात्री कुशीर वळूक जमणा नाय. पाय हातान उचलून ठेवचो लागता. तुमच्याकडे येताना मी गोळी खावन येय. आज नाय खाल्लंय."

एवढं सगळं ती एका दमात बोलली आणि मग तिला धाप लागली. डॉक्टर आपल्या जागेवरून उठले. मग खुर्ची तिच्याजवळ ओढून बसले आणि एकेक करून विचारत गेले. पाय जड वाटतो की दुखतो? जिना चढताना की उतरताना? मला त्यांनी एकदाही काही विचारलं नाही, आणि मी एकदाही काही सांगितलं नाही. एका ठिकाणी ती "पडलंय तवा" म्हणून अडली, तेव्हा माझ्या जिभेवर वाक्य आलं होतं, ते मी गिळलं. तिनं स्वतःच पुढचं सांगितलं.

मग त्यांनी तिला पाय उचलायला सांगितला. तो उचललाच जाईना. तिनं आवाज दाबला नाही. "आई गे!" एवढ्या मोठ्यानं ओरडली की बाहेरची मुलगी दार उघडून बघून गेली.

खुब्याचा एक्स-रे काढला. फोटोत बारीक रेघ होती. डॉक्टरांनी ती आईलाच दाखवली, मला नव्हे. "हाडाला तडा गेलाय आजी. पण अजून जागेवर आहे, सरकलं नाही. स्क्रू घालून बसवू." मग म्हणाले, "आधी का नाही हो सांगितलंत?"

"तुमी इतक्या मायेन इचारल्यात," आई म्हणाली, "तुमका बरां वाटाचां म्हणान बरां सांगलंय."

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "माझीही चूक झाली. तुम्ही हसत आलात, आणि मी तुमच्या हसण्याकडे बघितलं. तपासताना हात अजून पुढे न्यायला हवा होता."

ऑपरेशनच्या आधी तिनं आणखी एक प्रश्न विचारला, तोही स्वतः. "माका खाटीर किती दीस ठेवतल्यात?" त्यांना त्या प्रश्नामागची विहीर आणि सासू माहीत असायचं कारण नव्हतं. पण ते म्हणाले, "ठेवणार नाही. दुसऱ्याच दिवशी उभं करणार." आईनं माझ्याकडे बघितलं. हा माणूस आपल्यासारखाच, समोरच्याला बरं वाटावं म्हणून तर बोलत नाही ना, अशी शंका तिच्या डोळ्यांत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वॉर्डमध्ये पोचले तेव्हा पलंगाभोवती गर्दी होती. एक नर्स, व्यायाम करून घेणारी एक मुलगी आणि मध्ये वॉकरची चौकट धरून आई. हॉस्पिटलचा ढगळ गाऊन, विस्कटलेले केस, तोंडावर घाम. पावडरीचा कण नाही. इतकं अव्यवस्थित मी तिला चार माणसांत कधी बघितलं नव्हतं. ती पलंगाला टेकलेली नव्हती. मी दारातच थांबले.

राउंडला डॉक्टर आले. "काय आजी, कसं वाटतंय?"

आईनं वॉकर घट्ट धरला. डोळ्यांतून पाणी गालावर आलं होतं. ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"दुखता," ती म्हणाली. "लय दुखता. पण उबी आसंय."